दुसऱ्याला बसू दे

शुक्रवारी सकाळी अकराला टर्नर नेहमीच्या मशीनमध्ये बसले, टोकन टाकलं, आणि त्यांच्या बायकोऐवजी एक परका पुरुष बोलला.

आवाज घोगरा होता. भाषा परकी होती. टर्नरांनी हँडल सोडून दिलं. पडद्यावर हिरव्या रेघांचं यान सरळ जाऊन खडकावर आदळलं. तो पुरुष आणखी काहीतरी गुरगुरला आणि खेळ संपला.

टर्नरांनी दुसरं टोकन टाकलं. पुन्हा तोच आवाज. मग ते बाहेर आले, मशीनच्या अंगावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि त्यांनी धाकटीला फोन लावला.

"तुझ्या ताईला कोणीतरी काढून टाकलंय," ते म्हणाले.

धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. विमा कंपन्यांसाठी खाजगी तपास करायची. आग खरी की लावलेली, चोरी खरी की घरातलीच, हे शोधणं हा तिचा धंदा. सगळे तिला धाकटीच म्हणत, पन्नाशी उलटली तरी. नेहमी ती शंभर प्रश्न विचारी. त्या दिवशी एकच विचारला.

"मशीन चालू आहे ना? चालूच राहू द्या. कोणाला हात लावू देऊ नका."

व्हिडिओ गेमच्या पार्लरमधलं ते मशीन जुनं होतं. आत शिरून बसायचं, यानाच्या खोलीसारखं. एका गाजलेल्या अंतराळपटावरून हा खेळ काढला होता. त्या चित्रपटात एक टपालवाली एकटीच यान घेऊन निघते आणि खडकांच्या पट्ट्यातून, शत्रूंना चुकवत, खाणकामगारांची पत्रं पोचवते. चित्रपट लोक विसरले. खेळ राहिला.

मशीनला बोलता यायचं, हे त्या काळात मोठं नवल होतं. पण एकतीस वर्षांपूर्वी आवाजाची चिप जळली. नवी मिळेना. तेव्हा पार्लरच्या मिस्त्रींनी स्वतःच एक चिप भरली, आणि आवाज घेतला टोकनच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंचा. ती टर्नरांची बायको. एकूण पाच वाक्यं. निघताना "निघालास का? सांभाळून." शत्रू आला की "डावीकडे बघ, डावीकडे." मग "इंधन संपत आलंय." टप्पा पार झाला तर "घर दिसायला लागलं." आणि शेवटी, "खेळ संपला. ऊठ आता, दुसऱ्याला बसू दे."

हे शेवटचं वाक्य तिच्या मनचं. खिडकीतून दिवसभर ती तेच ओरडायची. मशीन ओरडायला लागल्यावर तिचा घसा वाचला.

ती जाऊन चौदा महिने झाले होते. टर्नर दर शुक्रवारी यायचे. आयुष्य लेथवर गेलेला माणूस, म्हणूनच सगळ्यांसाठी टर्नर, लोखंड केसाच्या जाडीपर्यंत कापणारा, पण खेळात अगदी कच्चा. चौथं वाक्य त्यांनी स्वतःच्या खेळात एकदाही ऐकलं नव्हतं. घर कधी दिसलंच नाही. उरलेली चार मात्र ऐकायचे, आणि "ऊठ आता" म्हटलं तरी उठायचे नाहीत.

धाकटी अर्ध्या तासात आली. डाव्या अंगठ्यावर चिकटपट्टी होती. सकाळी फायलीच्या पत्र्याने कापलं होतं. तिने आधी मशीनकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. कोणी खेळत नसलं की पडद्यावर गुणांची यादी येई. दहा ओळी, प्रत्येकीत तीन अक्षरं आणि आकडा. पहिल्या तीन ओळी वर्षानुवर्षं त्याच होत्या. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या ओळीत एकाच माणसाची अक्षरं. खालच्या चार ओळींत कारखान्यानेच घातलेले ठरावीक आकडे.

"भाऊजी, आज तुमच्या आधी कोणी खेळलं?"

"मीच पहिला. दार माझ्यासमोर उघडलं."

तिने यादीचा फोटो घेतला. यादीत काय एवढं, असं टर्नरांना वाटलं. त्यांचं रक्त उकळत होतं आणि ही आकडे बघत होती.

मालक केबिनमधून धावत आले. चाळिशीतले, वडिलांच्या माघारी पार्लर सांभाळणारे. टर्नरांच्या बायकोच्या शोकसभेत यांनीच सर्वांसमोर शब्द दिला होता, की हा आवाज इथून हलणार नाही. आता त्यांनी टर्नरांचे दोन्ही हात धरले. दोघांना केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं. केबिन उन्हाने भरली होती. खिडकीच्या कट्ट्यावर जुने चषक, एक वाळकं रोपटं, तुटक्या बटणांनी भरलेली काचेची बरणी. टेबलावर कागदांचा ढीग.

"काका, मला बोलायला लाज वाटते," मालक म्हणाले. "पण घरचंच माणूस असावं."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. काल, गुरुवारी, बंद करताना त्यांनी स्वतः एक डाव खेळला होता. तेव्हा आवाज ताईंचाच होता. म्हणजे जे झालं ते आज सकाळी. आणि आज सकाळी आठला, सगळ्यांच्या आधी, मिस्त्री आले होते. एकटेच. मशीनच्या मागच्या दाराच्या किल्ल्या दोनच, एक मालकांकडे, एक मिस्त्रींकडे. मिस्त्री पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. त्या आवाजावर त्यांचा जीव. आठवण म्हणून नेला असेल.

"पोलीस नकोत, काका. म्हातारा माणूस आहे. माझ्यावर सोडा. दोन महिन्यांत मी गोडीगुलाबीने काढून घेतो त्यांच्याकडून."

धाकटीने विचारलं, फोनवर कोणी तो आवाज घेतलेला नाही का. मालक म्हणाले, पुष्कळांनी घेतलाय, त्यांच्याकडेही आहे, आणि लगेच लावून दाखवला. चाळीस मशीनांच्या कोलाहलात एक बाई लांबून काहीतरी बोलत होती.

"बंद करा," टर्नर म्हणाले.

त्या फोनमध्ये ती कोणाशीतरी बोलत होती. मशीनमध्ये बसलं की ती त्यांच्याशी बोलायची. एवढा साधा फरक या माणसाला कळू नये, याचा त्यांना राग आला. पण त्याहून मोठा राग मिस्त्रींचा आला. आठवण म्हणून. कोणाची आठवण, आणि कोणाला?

मिस्त्रींचं वर्कशॉप मागच्या बाजूला होतं. टर्नर पुढे, धाकटी मागे. मिस्त्री काळा चष्मा लावून बसले होते, भिंगाखाली एक बोर्ड धरून. टर्नरांनी नमस्कारही केला नाही.

"तिचा आवाज कुठे ठेवलास?"

मिस्त्रींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते भिंतीला धरून उठले आणि थेट मशीनकडे गेले. मागचं दार उघडलं, विजेरी मारली. वाकून आत पाहिलं.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "ही कारखान्याची आहे. मूळ. कुठून आली ही?"

धाकटीने त्यांना खुर्ची दिली आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. टर्नर हात बांधून उभे राहिले.

मिस्त्री म्हणाले, चिप बदलणं अवघड नाही. जुनी उपटायची, नवी दाबून बसवायची, ज्याने एकदा पाहिलंय त्याला जमेल. मात्र मशीन बंद करून. चालू मशीनमधून चिप उपटली तर बोर्ड जळालाच समजा. आणि हे मशीन ते कधी बंद करत नाहीत. पडद्याची नळी इतकी जुनी आहे, की एकदा झोपवली तर उठेलच असं नाही. वीज गेली तरच बंद पडतं, आणि प्रत्येक वेळी त्यांचा जीव टांगणीला लागतो.

"यादी?" धाकटीने विचारलं.

"वरच्या तीन ओळी राहतात. बाकीच्या वीज गेली की पुसल्या जातात. जुन्या मशीनची स्मरणशक्ती तेवढीच, ताई. माझ्यासारखी."

"काल दुपारी वीज गेली होती ना? दारावर नोटीस आहे."

"तीन ते साडेतीन. मी नव्हतो. डोळ्यांत औषध घालून दवाखान्यात बसलो होतो, दिवसभर. काल मला सुईच काय, सब्बलही दिसली नसती." माघारी वर्कशॉपला कुलूप होतं आणि मशीनची किल्ली त्यांच्या खिशात होती.

"आज आठला का आलात?"

"काल अख्खा दिवस बुडाला, म्हणून."

मग न विचारता ते टर्नरांकडे वळले. "वहिनींनी ती पाच वाक्यं अकरा वेळा म्हटली. हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, यंत्रासमोर काय बोलू, समोर माणूस द्या. मी म्हटलं, नवरा बसलाय असं समजा. मग एका दमात झालं."

टर्नरांनी बांधलेले हात सोडले. ही गोष्ट त्यांना तिने कधी सांगितली नव्हती.

"चिपवर काही खूण?" धाकटीने विचारलं.

"मधोमध काचेची खिडकी असते, नखाएवढी. तिच्यावर ऊन पडत राहिलं तर आतलं सगळं हळूहळू पुसलं जातं. म्हणून मी वर साधी चिकटपट्टी लावली होती. जखमेवर लावतो ती. तीस वर्षांत पिवळी पडली, पण धरून होती."

धाकटी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

टोकनच्या खिडकीत आता दुसरी बाई बसायची. तिच्याकडे तक्रारींचा साठा होता, आणि धाकटीने तो सगळा ऐकून घेतला. पंखा चालत नाही. सुट्टी मिळत नाही. टोकन द्यायची, लोकांच्या छत्र्या सांभाळायच्या, वर मालकांची पार्सलं सही करून घ्यायची. या महिन्यात तरी एकच आलं, काड्यापेटीएवढं, पण त्याच्यासाठी मालकांनी चारदा विचारलं. काल वीज गेली तेव्हा आत नुसता उकाडा. गिऱ्हाईकं आणि ती, सगळे पायऱ्यांवर येऊन बसले. मालक तेवढे आत थांबले, विजेरी घेऊन. म्हणाले, अंधारात कोणी काही उचलेल.

"आणि वीज आल्यावर?"

"आल्यावर एक टोपीवाला पाहुणा आला. पहिल्यांदाच. तुमच्या त्या मशीनवर तीनदा बसला, तीनदा यादीत आला, आणि मला खिडकीतून उठवून नेऊन आपली अक्षरं दाखवली. बाहेर रांग, आणि हा उठेचना. शेवटी मलाच जाऊन सांगावं लागलं, की बाबा, ऊठ, इतरांनाही बसू दे."

"तुम्हाला नेहमी जावं लागतं?"

"छे. त्या मशीनपाशी कशाला जाऊ?" एवढं बोलून ती पंख्याकडे वळली.

शेवटचा राहिला कॅप्टन. हा त्या चित्रपटाचा वेडा. चित्रपटातल्यासारखं टपालखात्याचं निळं जाकीट घालायचा, म्हणून कॅप्टन. धाकटीने बोलावल्यावर तो दुपारी आला, आणि मशीनचा नवा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला. टर्नरांसमोर तो खुशाल म्हणाला, की आता मशीन बरोबर बोलतंय. तो बाईचा आवाज म्हणजे एका चांगल्या वस्तूवर पडलेला डाग होता.

टर्नर एक पाऊल पुढे झाले. धाकटी मध्ये आली.

"डाग म्हणालात. मग पुसायला तुम्हीच आला असाल."

कॅप्टन म्हणाला, नाही. त्याने तो विचार अनेकदा केला होता, पण दुसऱ्याच्या मशीनला तो हात लावत नाही. चित्रपटाला चाळीस वर्षं होताहेत. मोठं प्रदर्शन भरणार आहे, दोन महिने चालेल. मशीनं निवडायचं काम त्याच्याकडे आहे. नियम एकच, मशीन मूळ स्वरूपात हवं. हे मशीन त्याने उन्हाळ्यात त्या आवाजापायीच नाकारलं होतं. काल दिवसभर तो समितीच्या बैठकीत होता, सात माणसांसमोर. मालकांनी पुन्हा बोलावलंय, म्हणून उद्या सकाळी इथे येणारच होता.

"दुरुस्त केलंय असं म्हणाले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

संध्याकाळी पाचला धाकटीने सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. तिच्या हातात चिकटपट्टीचा मळकट तुकडा होता.

"हा मशीनच्या मागे पडलेला मिळाला," ती म्हणाली. "म्हणजे चिप ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे ती उघडी आहे. मिस्त्री, उघड्या चिपवर ऊन पडलं तर?"

"संपलं," मिस्त्री म्हणाले. "आज ना उद्या कोरी होणार."

"मग ज्याने घेतली त्याने निदान अंधारात तरी ठेवावी. बाकी उद्या बोलू. दहाला, पार्लर उघडायच्या आधी."

घरी जाताना टर्नर तिच्यावर चिडले. रात्र घालवायची कशाला? कॅप्टनच आहे, तोंडानेच म्हणाला डाग. नाहीतर मिस्त्री तरी. धाकटी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही लोखंड मोजून कापता. माणूस मात्र डोळ्यांनीच कापता." बसमध्ये दांडी धरून उभी होती तेव्हा तिच्या अंगठ्यावर उघडी जखम दिसली. चिकटपट्टी कुठे पडली, असं विचारायचं त्यांच्या मनात आलं, पण राहून गेलं.

शनिवारी दहाला सगळे जमले. धाकटी आधी केबिनमध्ये जाऊन पाणी पिऊन आली. मालक ऐटीत मशीनमध्येच जाऊन बसले, एक पाय बाहेर काढून. घरच्या झोपाळ्यावर बसावं तसे.

"बोला," ते म्हणाले. "मिस्त्रींनी कबूल केलं का?"

"मिस्त्रींनी काय कबूल करायचं?" धाकटी म्हणाली. "पडद्याकडे बघा. चौथी, पाचवी, सहावी ओळ. ही त्या टोपीवाल्याची. गुरुवारी, वीज परत आल्यावर लिहिलेली. वरच्या तीन सोडून बाकीच्या ओळी मशीन बंद पडलं की पुसल्या जातात. या काल सकाळी साडेअकराला होत्या, माझ्याकडे फोटो आहे. म्हणजे गुरुवारी संध्याकाळपासून मशीन एकदाही बंद झालेलं नाही. आणि बंद केल्याशिवाय चिप निघत नाही. मग शुक्रवारी सकाळी आठला मिस्त्रींनी ती काढली कशी?"

टर्नर ओळी मोजत होते.

"चिप बदलली गेली ती टोपीवाला बसण्याआधी. याला दुसरा पुरावा खिडकीतल्या बाईंनी दिला. त्या टोपीवाल्याला उठवायला त्यांना स्वतः जावं लागलं. एकतीस वर्षांत त्या मशीनपाशी कोणाला जावं लागलं नव्हतं. मशीनच सांगायचं."

"अगं बाई," खिडकीवाली हळूच म्हणाली. "खरंच की."

"तेव्हा वेळ उरते एकच. गुरुवारी तीन ते साडेतीन. मशीन आपोआप बंद, पार्लर रिकामं, आणि नोटीस लागलेली, म्हणजे आधीपासून ठाऊक. मिस्त्री दवाखान्यात. वर्कशॉपला कुलूप, मशीनची त्यांची किल्ली त्यांच्या खिशात. कॅप्टन सात माणसांत. बाकी सगळे पायऱ्यांवर. आत एकच माणूस. विजेरी घेऊन. दुसरी किल्लीही त्याच्याचकडे."

मालक हसले. "मी राखण करत होतो. आणि काल सांगितलं ना, रात्री बंद करताना मी स्वतः..."

"ताईचा आवाज ऐकलात. हेच तर. त्या वेळी तो मशीनमध्ये नव्हता. जो आवाज नव्हता तो तुम्ही ऐकला, आणि तेवढ्यावर एका म्हाताऱ्याला चोर ठरवलंत."

मालकांचा बाहेर काढलेला पाय आत गेला.

धाकटी पुढे बोलत राहिली. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द टोचत होता. प्रदर्शन दोन महिन्यांचं. मालक म्हणाले होते, दोन महिन्यांत मिस्त्रींकडून काढून घेतो. हा दोन महिन्यांचा हिशोब त्यांना कुठून सुचला? आणि काड्यापेटीएवढं पार्सल, ज्याच्यासाठी चारदा विचारणा झाली, त्यात काय होतं? मशीन प्रदर्शनात जावं, पार्लरचं नाव फलकावर लागावं, एवढ्यासाठी मूळ चिप मागवली. मिस्त्रींना सांगितलं असतं तर त्यांनी ती बसवली नसती. भाऊजींना सांगायची हिंमत नव्हती, कारण शोकसभेत शब्द दिला होता.

"हे सगळं बोलणंच झालं," मालक म्हणाले. "चिप कुठे आहे?"

"काल सकाळी तुमच्या खिडकीत तुटक्या बटणांची बरणी होती. उन्हात. आज तिथे धुळीत नुसता गोल डाग आहे. आणि टेबलाच्या खालच्या कप्प्याला कुलूप. काल संध्याकाळी मी सर्वांसमोर सांगितलं, की चिप उघडी आहे, ऊन लागलं तर संपेल. ज्याच्याकडे चिप नाही, त्याने बरणी का हलवावी?"

"पण तिच्यावर पट्टी..." मालक बोलून गेले, आणि थांबले.

"होती ना? मला वाटलंच. ती पट्टी माझी होती." धाकटीने अंगठा दाखवला. "तुम्ही जाऊन पाहिलंत. पट्टी जागेवर होती. तरी भरवसा वाटेना, म्हणून बरणी कप्प्यात. चोराच्या मनात चांदणं, मालक. तुमच्या मनात ऊन पडलं."

टर्नरांना काल बसमध्ये पाहिलेली जखम आठवली. डोळ्यांसमोर होती, आणि ते कॅप्टनवर दातओठ खात होते.

मालकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. खिडकीवालीने जाऊन बरणी आणली. मिस्त्रींनी ती जुन्या कापडावर उपडी केली. बटणांत ती होती, पाठीवर पिवळी पट्टी घेऊन. मिस्त्रींनी ती हातात घेतली आणि काळा चष्मा काढून पुसला.

"मी परत लावणारच होतो," मालक म्हणाले. "प्रदर्शन झालं की. कोणाचं काय बिघडलं असतं? एक चिप आहे ती. तात्पुरती काढली."

आता टर्नर बोलतील असं धाकटीला वाटलं. पण बोलला कॅप्टन.

"मी आज सही करणार होतो," तो म्हणाला. जाकिटातून त्याने घडी घातलेला कागद काढला. "मूळ स्वरूपात आहे म्हणून. म्हणजे माझ्या सहीवर तुम्ही चोरीचा माल पाठवणार होता. त्यापायी या माणसाचं नाव घालवलंत." त्याने मिस्त्रींकडे बोट केलं आणि कागद फाडला. चार तुकडे झाले तरी फाडतच राहिला.

धाकटी म्हणाली, "मूळ काय असतं, कॅप्टन? कारखान्याचा आवाज या मशीनमध्ये दोन वर्षं होता. ताईचा एकतीस."

कॅप्टनने तुकडे खिशात भरले. "नियम बदलता येत नाही मला," तो म्हणाला. "पण डाग म्हणालो, ते चुकलं."

मशीन बंद करावं लागलं. पडदा काळा झाला, टोपीवाल्याच्या तीन ओळी गेल्या. मिस्त्रींनी चिप बसवली. टर्नरांनी विजेरी धरली, आणि त्यांचा हात जराही हलला नाही. विजेरी धरल्या धरल्या ते म्हणाले, "काल मी तुम्हाला अरेतुरे केलं, मिस्त्री. माझी अक्कल गहाण पडली होती." मिस्त्री म्हणाले, विजेरी जरा वर घ्या.

बटण दाबलं. नळी उठायला तयार नव्हती. मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले. मग मध्यभागी एक हिरवा ठिपका आला, त्याची रेघ झाली, रेघांचं यान झालं.

मालक अजून आतच बसून होते. उठायचं कसं, हे त्यांना कळत नसावं. ते टर्नरांकडे बघून काहीतरी बोलू लागले, शोकसभेचं, वडिलांचं, काका, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता.

टर्नरांनी त्यांना आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"खेळ संपला," टर्नर म्हणाले. "ऊठ आता. दुसऱ्याला बसू दे."

खिडकीवालीने तोंडावर पदर घेतला. मालक उठले आणि कोणाकडे न बघता केबिनकडे गेले. त्यांच्या मागे मिस्त्रींनी मशीनच्या दाराला कुलूप घातलं, जुडग्यातली मालकांची किल्ली काढून टर्नरांच्या हातात दिली आणि म्हणाले, ही आता तुमच्याकडे राहील. मागायला कोणी येईलसं वाटत नाही.

टर्नर आत बसले. टोकन टाकलं.

"निघालास का? सांभाळून."

ते सांभाळून निघाले. "डावीकडे बघ, डावीकडे," ती म्हणाली. त्यांनी डावीकडे बघितलं, आणि नेहमीप्रमाणे उजवीकडच्या खडकावर आदळले. एक मिनिटही झालं नव्हतं. तिने त्यांना उठायला सांगितलं. त्यांनी सवयीने दुसऱ्या टोकनसाठी खिशात हात घातला.

"भाऊजी," धाकटी मागून म्हणाली. "मी बसू का?"

त्यांनी वळून पाहिलं. कालपर्यंत चौदा महिन्यांत ती या मशीनपाशी आली नव्हती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. कारण त्यांनी कधी विचारलं नाही. ते उठले.

धाकटीने हँडल धरलं. तिची खेळायची तऱ्हा वेगळीच होती. ताई खिडकीत बसायची तेव्हा कॉलेज बुडवून हिने इथे दिवस काढले होते. "डावीकडे बघ" म्हणण्याआधीच ती वळत होती. "इंधन संपत आलंय," मशीन म्हणालं. धाकटीचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल ओले होते, पण हात चुकत नव्हते. खडक संपले. हिरव्या रेघांच्या पलीकडे एक छोटा चौकोन उगवला.

टर्नर वाकले आणि त्यांनी कान आवाजाच्या जाळीपाशी नेला.

"घर दिसायला लागलं," त्यांची बायको म्हणाली. वाक्याच्या शेवटी तिला हसू आलं होतं, आणि ते तिने दाबलं होतं. इतक्या जवळून ऐकलं म्हणून कळलं.